हिमेजी किल्ला आणि फुशिमी इनारी, आईला घेऊन: जाच, पण जिन्यांची तयारी ठेवा

आई ६७ची, डावा गुडघा कुरकुरतो, त्यामुळे तिला जपानात किल्ला चढायला लावू की नको असं माझं बरेच दिवस चाललं होतं. शेवटी तीच म्हणाली, रायगड रोपवेने का होईना बघितला ना, मग हाही बघू. डिसेंबरात गेलो.

हिमेजी स्टेशनबाहेर आलं की सरळ रस्त्याच्या टोकाला पांढराशुभ्र किल्ला दिसतो, चालत वीसेक मिनिटं. मुख्य इमारत १६०९ची, लाकडी, दुसऱ्या महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले तरी ही वाचली. ओसाकाचा किल्ला पण सुंदर आहे, पण तो १९३१ साली काँक्रीटमध्ये बांधलेला, आत लिफ्ट आणि म्युझियम. एकच बघायचा असेल तर हिमेजी बघा, मी तरी हेच सांगेन.

आत शिरलं की वाट सारखी वळते, इमारत समोर दिसत असते आणि आपण भलतीकडेच चाललेलो असतो. आई लगेच म्हणाली, "अगं, हे आपल्या गोमुखी दरवाज्यासारखंच, शत्रूला सरळ येऊच द्यायचं नाही." भिंतीत बाण-बंदुकांसाठी गोल, त्रिकोणी, चौकोनी भोकं आहेत, आपल्या जंग्याच त्या.

आता जिने. बूट काढून पिशवीत घालून हातात धरायचे आणि मोज्यांवर चालायचं, लाकूड बर्फासारखं गार लागतं, जाड मोजे न्याच. बाहेरून पाच मजले दिसतात पण आत तळघर धरून सात आहेत, लिफ्ट नाही, आणि वरवर जाल तसे जिने शिडीसारखे उभे होत जातात. आईने दोघींच्या पिशव्या माझ्याकडे दिल्या, दोन्ही हातांनी कठडा धरला, प्रत्येक पायरीवर आधी उजवा पाय मग डावा, मागे रांग थांबली पण एकानेही घाई केली नाही. वर छोटंसं देऊळ आहे, तिथे दोनदा वाकून, दोनदा टाळ्या वाजवून, परत एकदा वाकायचं, आईने ते सगळं नीट केलं आणि मग आपला नेहमीचा नमस्कारही केला. खोल्या रिकाम्या आहेत म्हणून काहीजण नाराज होतात, मला मात्र ते जाडजूड खांब आणि तुळया बघूनच भरून आलं. तिकीट आम्हाला १००० येन पडलं, मार्च २०२६पासून बाहेरगावच्या मोठ्यांना २५०० आहे, तरी द्या.

क्योतो शहरातलं फुशिमी इनारी देऊळ दुसऱ्या दिवशी ठेवा, गुडघ्यांना आराम मिळतो. क्योतो स्टेशनहून जेआर रेल्वेच्या नारा लाइनने दुसरं स्टेशन, उतरलं की समोरच. तिकीट नाही, चोवीस तास उघडं, आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो म्हणून निवांत मिळालं, नऊनंतर चालायला जागा नव्हती. हजारो लाल तोरी, म्हणजे कमानी, आणि त्यांच्या मागच्या बाजूला देणगीदाराचं नाव आणि तारीख कोरलेली, आपल्याकडे देवळाच्या फरशीवर असतात तशीच. डोंगर २३३ मीटरचा, पूर्ण फेरीला दोन-तीन तास लागतात, आम्ही वाटेतल्या योत्सुत्सुजी नावाच्या चौकातून खालचं क्योतो बघून परत फिरलो, तेवढं पुरे.

इनारी हा भाताचा देव आणि कोल्हे त्याचे दूत. एका कोल्ह्याच्या तोंडात काय आहे ते मला कळेना, आईने चष्मा पुसून जवळ जाऊन बघितलं. कोकणातली ती. म्हणाली, "लोंबी आहे गं, भाताची."