फ्रिज नवा घेतला, पण दही वाचलं ते वायरीमुळे

आमचा कॅम्पिंगचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं छोटं घर, सतरा फुटांचा, सेकंडहँड. न्यू जर्सीतल्या एडिसन गावी आमच्या घरापुढे उभा असला की त्यातला फ्रिज काय छान चालतो! घरची वीज, सपाट जागा, दही कवडीसारखं. खरी परीक्षा तो गाडीला जोडून हायवेला लागल्यावर. जुलैतली दुपार, बाहेर ९३ फॅरनहाइट (आपल्या हिशोबात ३४), आणि मागे फ्रिजमध्ये काय चाललंय याचा पुढे बसणाऱ्याला पत्ता नाही. पत्ता लागतो तो मुक्कामाला पोचल्यावर, दार उघडताच, नाकाला.

पहिली दोन वर्षं ट्रेलरबरोबर आलेला जुना फ्रिजच रेटला. तो अमोनियावर चालणारा. गॅस, घरची वीज किंवा गाडीची बारा व्होल्ट, तिन्हींवर चालतो. यात फिरणारा एकही भाग नसतो. खालून उष्णता दिली की अमोनिया पाण्यातून उकळून निघतो, वर जाऊन निवतो आणि पुढे हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा वाफ होताना फ्रिजच्या आतली उष्णता ओढून घेतो. आच देऊन गारवा! फॉन प्लाटेन आणि मुंटर्स या स्वीडनमधल्या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ साली काढलेली ही युक्ती. आवाज शून्य. तेवढ्यासाठी मला तो फ्रिज अजून आठवतो.

बाकी आठवणी आंबट आहेत. त्याच्या पाटीवर बारा व्होल्टला १७५ वॅट लिहिलेलं, म्हणजे जवळजवळ पंधरा अँपिअर, तेही अखंड. एकदा मल्टीमीटर लावून बघितलं तर फ्रिजच्या टोकाशी १०.७ व्होल्ट. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशोबाने घटते, त्यामुळे १२ चे १०.७ झाले की पाचवा हिस्सा गेलाच. त्यात एकदा जेवायला थांबलो आणि फ्रिज बारा व्होल्टवरच राहिला. दोन तासांनी परत आलो तर ट्रेलरची बॅटरी इतकी बसलेली, की मुक्कामाला पुढचा विजेचा जॅक उचलेना. नवऱ्याने हाताने फिरवून उचलला आणि त्या रात्री माझ्याशी मोजकंच बोलला.

मग गॅसवर चालव की, असं सगळे सांगतात, आणि कितीतरी लोक चालवतातही. मला ते जमलं नाही. पंपावर पेट्रोल भरायच्या आधी ज्योत विझवायची, नंतर आठवणीने लावायची. एकदा विसरले आणि इडलीच्या पिठाने झाकण उडवलं. शिवाय आमची नेहमीची वाट बाल्टिमोरवरून, माझी मावसबहीण तिकडे राहते म्हणून. तिथल्या दोन्ही बोगद्यांत दहा पौंडांपेक्षा मोठा गॅस सिलिंडर न्यायला बंदी, पेटता असो की बंद. आमचे वीस-वीस पौंडांचे दोन. आधी तिथल्या फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून जायचो. २६ मार्च २०२४ ला जहाज आदळून तो पूल पडला, तेव्हापासून ६९५ नंबरच्या हायवेने पश्चिमेकडून अख्ख्या शहराला वळसा. त्या ट्रॅफिकमध्ये सरकत असताना मागे ज्योत आहे की वाऱ्याने गेली हा विचार डोक्यात नको वाटतो.

मागच्या वर्षी बाबा सांगलीहून तीन महिन्यांसाठी येणार ठरलं, तेव्हा फ्रिज बदलायचाच असं मी ठरवलं. दह्याचं एक वेळ चालवून घेतलं असतं, पण बाबांची इन्सुलिनची पेनं होती. वापरात असलेलं पेन बाहेर राहू शकतं. शिलकीतली मात्र २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच हवीत, आणि गोठली तर सरळ फेकून द्यायची. म्हणून बारा व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला फ्रिज घेतला, चार घनफुटांचा, जुन्याच्या खणात बसेल असा. चालू असताना चार-पाच अँपिअर घेतो, आत गारवा झाला की स्वतः बंद होतो, आणि ट्रेलर थोडा कललेला असला तरी कुरकुरत नाही. इथल्या एका दुकानातून बसवून घेतला. त्यांनी जुना काढला, नवा सरकवला, जुन्याच वायरी जोडल्या, बिल दिलं.

जुलैत बाबांना घेऊन पहिल्यांदा पेनसिल्व्हेनियातल्या पोकोनोज डोंगरांत गेलो. एक रात्र विजेविना मुक्काम, दुसऱ्या दिवशी पुढचा प्रवास. पोचून दार उघडलं तर आत ५८ फॅरनहाइट आणि लाल दिवा लुकलुकतोय. नऊशे डॉलर देऊन मी तेच आंबट दही विकत घेतलं होतं.

बाबा वीज मंडळातून निवृत्त झालेत. उभा जन्म मिरज तालुक्यातल्या लाइनींवर गेला. पेनं बर्फाच्या डब्यात टाकून आम्ही सगळे हळहळत असताना ते ट्रेलरच्या पुढच्या टोकापासून मागपर्यंत चालत गेले, परत आले आणि म्हणाले, "अगं, हा शेवटच्या खांबावरचा पंप आहे. मोटर चांगली आहे, तिथवर व्होल्टेजच पोचत नाही."

तेच होतं. गाडीच्या आल्टरनेटरपासून निघालेली वीज सात पिनांच्या प्लगमधून ट्रेलरमध्ये येते, बॅटरीला भेटते आणि मग बारीक १४ गेजच्या वायरीतून फ्रिजपर्यंत जाते. हल्लीच्या गाड्यांचा आल्टरनेटर पेट्रोल वाचवायला अधूनमधून व्होल्टेज खाली आणतो, त्यामुळे वाटेत बॅटरी भरतेय असं आपण समजतो आणि ती भरत नसते. प्लग उघडून बघितला. पितळेच्या एका पिनेवर हिरवी बुरशी धरावी तसा गंज, नखाने खरवडला तर पावडर पडली. अर्थिंगची वायर नुसती चेसीला स्क्रूने आवळलेली, वॉशरखाली रंग तसाच. बाबांनी मल्टीमीटर फ्रिजच्या टोकाला धरायला लावला: स्वस्थ असताना ११.३, कॉम्प्रेसर सुरू व्हायला गेला की झपकन १०.३. या जातीच्या कॉम्प्रेसरचा मेंदू साधारण १०.४ ला बंद पडतो आणि ११.७ दिसल्याशिवाय पुन्हा उठत नाही. म्हणजे आमचा फ्रिज एकदा झोपला की झोपलाच.

आता मला खरं ज्याची शिफारस करायची आहे त्याकडे येते. जुनी बॅटरी काढून शंभर अँपिअर-तासांची लिथियम घेतली, आणि तिच्या शेजारी व्हिक्ट्रॉनचा ओरायन-टीआर स्मार्ट १२/१२-१८ लावला. हा निळा डबा म्हणजे बाबांच्या भाषेत बूस्टर. गाडीकडून कमी-जास्त जे येईल ते घेतो आणि बॅटरीला तिला हवं तेवढंच व्होल्टेज देतो. फोनवर दिसतं किती आत येतंय, किती बाहेर जातंय.

याच्यातच तीस अँपिअरचा मोठा भाऊ मिळतो. मोह होतो, पण सात पिनांच्या प्लगवर तो घेऊ नका. बाहेर अठरा अँपिअर द्यायला, आत व्होल्टेज कमी असेल तर, आमच्या या छोट्यालाच बावीस-तेवीस ओढावे लागतात. आमच्या गाडीत त्या लाइनला फ्यूज तीसचा. मोठ्या डब्याने तो पहिल्याच चढावर उडवला असता. मोठा हवाच असेल तर गाडीच्या बॅटरीपासून मागपर्यंत वेगळी जाड वायर ओढा.

सुरुवातीला डबा दर मिनिटाला चालू-बंद व्हायला लागला. इंजिन चालू आहे की बंद हे तो येणाऱ्या व्होल्टेजवरून ओळखतो. काम सुरू केलं की आमच्या लांबलचक वायरीत व्होल्टेज पडायचं आणि त्याला वाटायचं इंजिन बंद झालं. दोष वायरीचा. फोनवरून ती पातळी खाली आणली, विषय मिटला. जागा मात्र हवेशीर द्या, काम करताना तो तापतो. मी आधी कपाटात, टॉवेलांच्या मागे लावणार होते, बाबांनी नुसतं बघितलं.

शेवटी वायर. बॅटरीपासून फ्रिजपर्यंत ८ गेज (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड), पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, जाणारी आणि येणारी दोन्ही, चेसीवर भरवसा न ठेवता, मध्ये स्वतःचा फ्यूज. प्लग नवा. हे सगळं साहित्य ऐंशी डॉलरचं. दोन शनिवार मी ट्रेलरखाली पाठीवर पडून, बाबा खुर्चीत बसून "अजून आवळ." नंतर फ्रिजच्या टोकाशी, कॉम्प्रेसर चालू असताना, १३.१.

ऑगस्टमध्ये व्हर्जिनियातल्या शेनांडोआ नॅशनल पार्कला गेलो, तिथल्या बिग मेडोजच्या कॅम्पग्राउंडवर. साधारण तीनशे मैल, वाटेत बाल्टिमोरचा वळसा धरून. आदल्या रात्रीच घरच्या विजेवर फ्रिज थंड करून घेतला आणि भरला तोही घरातल्या फ्रिजमधलं गार सामान घेऊन. कोमट भाजीचे डबे चालत्या फ्रिजमध्ये ढकलून त्याच्याकडून चमत्काराची अपेक्षा करू नये. आत एक बिनतारी थर्मामीटर ठेवला, त्याचा आकडा पुढे डॅशबोर्डवर. निघताना ३६ फॅरनहाइट, म्हणजे सेल्सिअसचे दोन. डेलावेअरचा पूल ओलांडला तेव्हा ३७. मावसबहिणीकडे जेवणं झाली, पोरांनी सरबतासाठी दार चारदा उघडलं, ४१. स्कायलाइन ड्राइव्हवर चढलो, तिथे वेगमर्यादाच ३५ मैलांची, खिडक्या खाली, गाडी गुरगुरत वर जातेय, आणि आकडा परत ३८. बाबा दर दहा मिनिटांनी मोठ्याने वाचत होते, मॅचचा स्कोअर सांगावा तसा. पोचल्यावर दही काढलं, सुरीने वडी पडेल असं. लगेच कढी नको, ताटात तसंच वाढ, असा बाबांचा हुकूम निघाला.

आता तक्रारी. बिग मेडोजला विजेची जोडणी नाही. फ्रिज दिवसाला पस्तीसेक अँपिअर-तास खातो. दिवे, पंप वेगळे. शंभर वॅटचा घडीचा सोलर पॅनेल नेला होता, पण झाडाखालच्या जागेत त्याने जेमतेम निम्मं भरून काढलं. तीन रात्री निघाल्या, पाचवी निघाली नसती. फ्रीझर खेळण्यातला आहे, आइस्क्रीम मऊच राहतं. मागच्या पत्र्याला लागून ठेवलेली कोथिंबीर काचेसारखी कडक झाली, तेव्हा मी पेनांचा डबा उचलून दारातल्या खणात आणला आणि थर्मामीटरही त्याच्या शेजारी हलवला. औषध ठेवणार असाल तर हे पहिल्याच दिवशी करा. दाराची प्रवासातली खिटी बसली की नाही हे निघताना हाताने ओढून बघा; आमची एकदा अर्धवट बसली होती, ७८ नंबरच्या हायवेवरच्या एका खड्ड्याने ताकाचा अभिषेक झाला.

खर्च सांगते: फ्रिज नऊशे, बॅटरी पावणेतीनशे, डबा दीडशेच्या आसपास, वायर-फ्यूज ऐंशी. हातात मर्यादित पैसे असतील तर खरेदी उलट्या क्रमाने करा. आधी मल्टीमीटर आणि वायर, मग डबा आणि बॅटरी, फ्रिज सगळ्यात शेवटी. जुन्या फ्रिजच्या टोकाला मी तेव्हाच नीट साडेबारा व्होल्ट पोचवले असते तर कदाचित हा नवा आणलाच नसता, हे मी नवऱ्यासमोर बोलत नाही.

आणि आवाज. रात्री जंगल शांत झालं की कॉम्प्रेसर गुणगुणायला लागतो, वीस मिनिटं चालतो, थांबतो, परत. माझी झोप सावध, मला पहिल्या रात्री कापसाचे बोळे घालावे लागले. बाबांचा बिछाना फ्रिजला लागूनच. सकाळी विचारलं, झोप लागली का? म्हणाले, "लागली की. तो बंद झाला की जाग येत होती फक्त."