एड्सइन्फो: किशोरांचे आकडे शोधणाऱ्याने काय पाहावे

‘एड्सइन्फो’ हे यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचे संकेतस्थळ आहे. ते नोंदणी न करता आणि एक रुपयाही न भरता कोणालाही वापरता येते. जगातील बहुतेक देशांचे १९९० पासूनचे एचआयव्हीविषयक अंदाज तेथे एका ठिकाणी मिळतात. संपूर्ण संकेतस्थळाचे परीक्षण करण्याचा येथे हेतू नाही. किशोरवयीन मुलामुलींसोबत किंवा जोखमीच्या परिस्थितीत जगणाऱ्या तरुणांसोबत काम करणारा कार्यकर्ता, समाजकार्याचा विद्यार्थी किंवा आरोग्यावर लिहिणारा पत्रकार या आकड्यांवर कितपत विसंबू शकतो, एवढाच प्रश्न मी धरला आहे. हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, कारण निधी कोणाला मिळणार, चाचणी केंद्र कोठे उघडणार आणि कोणाच्या नावाने कार्यक्रम आखला जाणार, हे शेवटी अशाच तक्त्यांवरून ठरते.

वापराची रीत सोपी आहे. निर्देशक निवडला, देश निवडला, की तीच माहिती नकाशा, आलेख आणि तक्ता अशा रूपांत दिसते आणि तक्ता संगणकावर उतरवून घेता येतो. १५ ते २४ वयोगटातील नवे संसर्ग, १० ते १९ वयोगटातील बाधितांची संख्या, पंधराव्या वर्षाआधी लैंगिक संबंध आलेल्या तरुणांचे प्रमाण, एचआयव्हीविषयी पुरेसे ज्ञान असलेल्या तरुणांचे प्रमाण असे तरुणांशी थेट निगडित निर्देशक तेथे आहेत. जोडीला एक स्वतंत्र अ‍ॅटलास आहे. देहविक्रय करणाऱ्या व्यक्ती, पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी, सुईने नशा करणारे आणि तुरुंगातील बंदी या पाच समूहांची माहिती त्यात देशवार मांडलेली आहे. मराठीतून यांपैकी काहीही उपलब्ध नाही. गावपातळीवरच्या कार्यकर्त्याला कोणीतरी समजावून देणारा लागतोच.

या संकेतस्थळाचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते अनिश्चितता लपवत नाही. प्रत्येक अंदाजाबरोबर खालची आणि वरची मर्यादा दिलेली असते, आणि गट लहान होत जातो तसतसा हा पट्टा रुंदावत जातो. बातमीत आणि प्रस्तावात मात्र नेमका हाच भाग गळतो आणि मधला एकच आकडा छापला जातो. ज्याला हे संकेतस्थळ जबाबदारीने वापरायचे आहे त्याने तिन्ही आकडे उतरवून घ्यावेत आणि दोन वर्षांचे पट्टे एकमेकांवर येत असतील तर ‘वाढ झाली’ किंवा ‘घट झाली’ असे लिहिण्याआधी थांबावे.

दुसरी एक गोष्ट नव्या वापरकर्त्याला माहीत नसते. यूएनएड्सचे अंदाज दरवर्षी नव्याने काढले जातात, आणि ते केवळ चालू वर्षासाठी नव्हे, तर मागच्या सर्व वर्षांसाठी. साधारण जुलैमध्ये नवी मालिका येते तेव्हा २०१० चा आकडाही बदललेला असू शकतो. यात कोणी चलाखी केलेली नसते. नवे सर्वेक्षण हाती आले की संपूर्ण वक्र पुन्हा आखला जातो. त्यामुळे जुन्या अहवालातील आकडा आणि आज संकेतस्थळावर दिसणारा आकडा शेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे ठरते. तुलना करायची असेल तर दोन्ही वर्षे एकाच मालिकेतून घ्यावी लागतात. तक्ता उतरवून घेताना त्यावर तारीख टाकून ठेवण्याची सवय प्रत्येकाने लावून घ्यावी.

आता मूळ मुद्दा. किशोरांचा आकडा समोर दिसतो तेव्हा कोणीतरी तेवढी मुले मोजली असावीत असा आपला समज होतो. प्रत्यक्षात बहुतेक देशांच्या बाबतीत तो ‘स्पेक्ट्रम’ या संगणकीय प्रारूपातून आलेला असतो. देशाची लोकसंख्या, गर्भवती स्त्रियांच्या चाचण्या, घरोघरी झालेली सर्वेक्षणे, जोखमीच्या गटांतील पाहण्या आणि एआरटी या एचआयव्ही आटोक्यात ठेवणाऱ्या औषधोपचारावर असलेल्यांची संख्या हे सारे त्यात भरले जाते आणि त्यातून वयानुसार वाटणी निघते. लैंगिक संबंधातून होणारा संसर्ग हे प्रारूप पंधराव्या वर्षापासून पुढे धरते. म्हणजे १० ते १४ या वयातील जी बाधित मुले तक्त्यात दिसतात ती जन्माच्या वेळी किंवा स्तनपानातून आईकडून संसर्ग झालेली आणि उपचारामुळे जगलेली मुले असतात. तेराव्या-चौदाव्या वर्षी लैंगिक शोषणातून किंवा सुईतून संसर्ग झालेल्या मुलाला या गणितात जागाच नाही. ‘१० ते १९’ या एकाच शीर्षकाखाली त्यामुळे दोन फार वेगळ्या कहाण्या एकत्र होतात: लहानपणापासून औषध घेत वाढलेली मुले, आणि नुकताच संसर्ग झालेले तरुण. पहिल्या गटाला औषध चुकू न देण्यासाठी आणि आपला आजार समजून घेण्यासाठी आधार हवा असतो, तर दुसऱ्याला आधी चाचणीपर्यंत पोहोचायचे असते. एका आकड्यावरून दोघांसाठी एकच कार्यक्रम आखला, तर तो दोघांनाही पुरत नाही.

भारतापुरते पाहिले तर कच्चा माल कोठून येतो हे ठाऊक असलेले बरे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, म्हणजे नॅकोची, सेंटिनेल पाहणी (ठरावीक केंद्रांवरून नमुने घेऊन साथीवर नजर ठेवणारी पाहणी) १९९८ मध्ये देशभर पद्धतशीरपणे सुरू झाली. पश्चिम भागात या कामाची प्रादेशिक जबाबदारी पुण्यातील भोसरीच्या नारी, म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, या संस्थेने दीर्घकाळ सांभाळली आहे. पाहणीच्या फेरीत ठरावीक दवाखान्यांतून, तीन महिन्यांच्या मुदतीत, प्रसूतिपूर्व तपासणीला आलेल्या १५ ते ४९ वयाच्या गर्भवती स्त्रियांचे नमुने ओळीने घेतले जातात. एका केंद्रावर ४०० नमुने हे प्रमाण असते. त्यातील १५ ते २४ वयाच्या स्त्रियांमधील प्रमाण हे नव्या संसर्गाचे अप्रत्यक्ष माप मानले जाते, कारण इतक्या कमी वयात झालेला संसर्ग फार जुना असू शकत नाही. युक्तिवाद पटण्यासारखा आहे. पण या नमुन्यात सतरा वर्षांचा मुलगा कोठेही नाही, अविवाहित मुलगी जवळजवळ नाही, आणि शहरात एकटा राहून बांधकामावर राबणारा एकोणीस वर्षांचा तरुणही नाही. तरुण पुरुषांचा आकडा स्त्रियांच्या आकड्यावरून आणि इतर माहितीवरून ताळमेळ घालून काढला जातो.

घरोघरी जाऊन रक्ताचा नमुना घेणारे सर्वेक्षण हा यावरचा उपाय होता. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने समन्वय केलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या आणि चौथ्या फेरीत, म्हणजे २००५–०६ आणि २०१५–१६ मध्ये, एचआयव्हीची चाचणी झाली. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत ती नव्हती, ज्ञानाविषयीचे प्रश्न मात्र होते. त्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी २१.६ टक्के आणि पुरुषांपैकी ३०.७ टक्के व्यक्तींनाच एचआयव्हीविषयी सर्वंकष ज्ञान असल्याचे आढळले. निरोध आणि एकनिष्ठ जोडीदार यांमुळे धोका कमी होतो, निरोगी दिसणाऱ्या माणसालाही संसर्ग असू शकतो, आणि डास चावण्यासारखे गैरसमज खोटे आहेत, एवढे ठाऊक असणे म्हणजे येथे ‘सर्वंकष ज्ञान’. ज्या महाराष्ट्रात २००७ मध्ये शाळांतील लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती, तेथील वाचकाने हे आकडे वाचून मुकाट्याने पुढे जाऊ नये असे मला वाटते.

जोखमीच्या गटांकडे वळले की अडचण अधिक खोल होते. देशांकडून यूएनएड्सला जी वार्षिक माहिती जाते तिच्यात या गटांसाठी वयाचे दोनच भाग असतात: पंचवीसच्या खालचे आणि पंचवीस व त्यावरचे. सोळा वर्षांची मुलगी आणि चोवीस वर्षांची स्त्री एकाच खणात पडतात. अनेक देशांनी तर तेवढीही विभागणी भरलेली नसते आणि रकाना मोकळा राहतो. हा मोकळा रकाना पाहून तेथे जोखीम नाही असे समजणे ही या संकेतस्थळाच्या वापरातील सर्वांत धोकादायक चूक आहे. त्याचा अर्थ एवढाच की तेथे कोणी विचारलेले नाही, किंवा विचारता आलेले नाही.

का विचारता येत नाही, याचे उत्तर संकेतस्थळाच्या बाहेर, कायद्यात आणि क्षेत्रकामात आहे. आपल्याकडे टीआय प्रकल्पातील, म्हणजे जोखमीच्या गटांसाठीच्या लक्ष्यित प्रकल्पातील, पीअर (त्याच समूहातले) आणि आउटरीच (वस्तीत जाऊन भेटणारे) कार्यकर्ते ज्या याद्या ठेवतात, त्यांतूनच जोखमीच्या गटांचे नमुने निवडले जातात. एका केंद्रासाठी हे प्रमाण २५० आहे. अठरा वर्षांखालील मूल अशा यादीत सहसा येतच नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अठराच्या आतील मुलाशी लैंगिक संबंध हा गुन्हा आहे आणि ज्याला तो कळला त्याने पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. कार्यकर्त्याने प्रश्न विचारला आणि उत्तर मिळाले, तर त्या मुलाचा विश्वास राखायचा की कायद्याचे बंधन पाळायचे, असा पेच उभा राहतो. म्हणून बहुतेक जण विचारत नाहीत, आणि मी त्यांना दोष देणार नाही. संरक्षणासाठी केलेला कायदा योग्यच आहे. पण त्याच्या सावलीत ज्या मुलांना संरक्षणाची सर्वाधिक गरज आहे तीच नोंदीतून निसटतात, हेही तितकेच खरे आहे. अठराच्या आतील व्यक्तीच्या चाचणीसाठी पालकाची संमती लागते, आणि घरातून हाकललेल्या किंवा घर सोडून मुंबईत आलेल्या किशोरवयीन तृतीयपंथी मुलाने पालक कोठून आणायचा?

फिलिपिन्सने यातून वेगळी वाट काढली. तेथे २०१८ मध्ये झालेल्या कायद्याने १५ ते १७ वर्षांच्या मुलांना पालकांच्या संमतीविना एचआयव्हीची चाचणी करून घेण्याची मुभा दिली. तेथील राष्ट्रीय नोंदवहीतून १५ ते २४ वयोगटाची आकडेवारी स्वतंत्रपणे प्रसिद्ध होते, त्यामुळे तरुणांमध्ये साथ वाढते आहे हे त्या देशाला प्रारूपाच्या आधाराशिवायही दिसते. आफ्रिकेतील झांबिया, मलावी, झिम्बाब्वे यांसारख्या देशांत घरोघरी झालेल्या मोठ्या सर्वेक्षणांत पालकांची परवानगी आणि खुद्द मुलाची तयारी अशी दोन्ही घेऊन किशोरांची रक्तचाचणी करण्यात आली. तेथील तरुणांचे आकडे म्हणूनच अधिक भक्कम पायावर उभे आहेत. एड्सइन्फोवर हे तिन्ही प्रकारचे आकडे, म्हणजे चाचणीतून आलेले, नोंदवहीतून आलेले आणि प्रारूपातून आलेले, सारख्याच अक्षरांत आणि सारख्याच रंगांत दिसतात. माहितीचा उगम शोधता येतो, पण तो शोधावा लागतो. प्रत्येक आकड्याशेजारी त्याचा प्रकार आणि शेवटच्या प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे वर्ष दिले, तर या संकेतस्थळाची उपयुक्तता दुपटीने वाढेल असे माझे मत आहे.

आणखी एक बदल पकडण्यात सर्वच पाहण्या मागे पडत आहेत. पुरुषांशी संबंध ठेवणारे तरुण पूर्वी बागा, स्थानके अशा ठरावीक जागी भेटत, आणि त्या जागांची यादी करूनच नमुना निवडला जाई. आज त्यांच्यातील मोठा भाग मोबाइलवरील अ‍ॅपमधून भेटतो. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ मधील प्रौढांच्या परस्परसंमत संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, तेव्हा भीतीचे एक कारण कमी झाले. पण जागेवर न येणारा तरुण जागेवरच्या पाहणीत सापडणार नाहीच.

महाराष्ट्रात काम करणाऱ्याला माझा सल्ला असा. देशाचा कल आणि इतर देशांशी तुलना यांसाठी एड्सइन्फो निःशंक वापरावे. किशोरांविषयी युनिसेफच्या आकडेवारीचे संकेतस्थळही पाहावे. तेथे १० ते १९ हा वयोगट अधिक बारकाईने मांडलेला असतो, मात्र मूळ अंदाज यूएनएड्सचेच असल्याने दोन ठिकाणी सारखा आकडा मिळाला म्हणून तो दोनदा सिद्ध झाला असे मानू नये. राज्याच्या पातळीवर नॅकोचे अहवाल अधिक उपयोगी पडतात. नॅकोच्या २०२१ च्या अंदाजांनुसार देशात २४.०१ लाख व्यक्ती एचआयव्हीसह जगत होत्या आणि त्यांतील सर्वाधिक, ३.९४ लाख, महाराष्ट्रात होत्या. आपल्या तालुक्यातील तरुणांविषयी लिहायचे असेल तर जवळच्या आयसीटीसीतील, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन व चाचणी केंद्रातील, समुपदेशकाशी आणि टीआय प्रकल्पातील कार्यकर्त्यांशी बोलावे, आणि त्यांचे म्हणणे आकड्यांच्या बरोबरीने, कोणाचीही ओळख उघड न करता, मांडावे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने गोपनीयता हा बाधित व्यक्तीचा हक्क केला आहे. तो माहिती गोळा करणाऱ्यालाही बांधून ठेवतो.

येत्या काही वर्षांत हे संकेतस्थळ वापरताना अधिक सावध राहावे लागेल. अमेरिकेने मदत थांबवल्यामुळे फेब्रुवारी २०२५ मध्ये अनेक गरीब देशांतील घरोघरी होणारी लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षणे अचानक अडली. सर्वेक्षण थांबले तरी प्रारूप थांबत नाही. ते जुन्या माहितीवर पुढचे वर्ष काढून देत राहते आणि तक्त्यात आकडा येत राहतो. म्हणून २०२६ किंवा २०२७ चा तरुणांचा आकडा वापरण्याआधी त्या देशात शेवटचे रक्तनमुने कधी घेतले गेले हे शोधावे, आणि ते वर्ष आकड्याच्या शेजारीच लिहावे.