थेंबभरही पाणी वाया न घालवणारं आरओ

कापसाची पहिली वेचणी विकली की आमच्याकडे गावात माणसं यायला लागतात. गाद्यावाले, कुकरवाले, साखळी पद्धतीच्या स्कीमवाले. मागच्या दिवाळीनंतर दोन पोरं आली ती पाणी तपासायला. गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. ‘जलजीवनचं सर्वेक्षण आहे काका, पैसे नाही लागत.’ गाव केळापूर तालुक्यातलं, म्हणजे पाण्याचं नाव काढलं की माणूस आधीच घाबरलेला.

घाबरायला कारण आहे. पुतण्याच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे आहेत. शाळेत गुरुजींनी दोनदा झापलं, तंबाखूचा खर्रा खातो म्हणून. पोरगं सातवीत. आईचे गुडघे आखडलेत, पण ते वयाचं म्हणून आम्ही सोडून दिलं होतं.

पोरांनी ओट्यावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या बाटलीतलं, ‘आमच्या मशीनचं’. चार सळ्यांचं एक यंत्र दोन्ही ग्लासांत सोडलं, वायर बोर्डाला लावली. मिनिटभरात आमचा ग्लास गढूळ हिरवा, मग तांबडा, वर गंजासारखा साका. त्यांचा ग्लास जवळपास होता तसाच. वहिनी म्हणाली, ‘मायबाई, हे पितो आपण?’ तिथंच सौदा झाला, पुढचं बोलणं नुसतं किमतीचं होतं.

पाणी शुद्ध करायचं ते आरओ मशीन साडेसतरा हजारांचं. साडेपाच हजार तेव्हाच दिले, बाकीचे चौथ्या दिवशी बसवून झाल्यावर. मी एकच प्रश्न विचारला, पाणी किती वाया जातं, कारण आमच्या साळ्याकडच्या आरओतून बादलीभर पाणी मोरीत जातं. त्यातला एक पोरगा हसला. ‘हे नवीन टेक्नॉलॉजीचं आहे, एक थेंब वाया जात नाही.’ पाण्याची टंचाई बघितलेल्या माणसाला याहून गोड काय वाटणार? मी ते गावभर सांगत फिरलो. माझ्या सांगण्यावरून आणखी तिघांनी घेतलं, तो हिशोब वेगळाच आहे.

उलगडा झाला तो भाचीमुळं. ती यवतमाळला बीएस्सी करते. संक्रांतीला आली तेव्हा मी सळ्यांची गोष्ट रंगवून सांगितली, तर ती खिडकीतल्या मिठाच्या बरणीकडं बघून म्हणाली, ‘मामा, त्यांच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाकलं असतं ना, तोही तसाच तांबडा झाला असता.’ दोन सळ्या लोखंडाच्या असतात, दोन अॅल्युमिनियमच्या. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि लोखंडच झिजून पाण्यात उतरतं. तो साका सळईचा, बोअरचा नव्हे. क्षार काढलेल्या पाण्यातून वीज नीट वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. क्षार तर चांगल्या विहिरीच्या पाण्यातही असतातच.

मग तिनं मशीनचं झाकण उघडलं. पांढऱ्या नळीत जिथं मेम्ब्रेन, म्हणजे क्षार अडवणारा पडदा, असते तिथं काहीच नव्हतं. पोकळ. बाकी एक साधा फिल्टर आणि निळा दिवा. आरओ क्षार वेगळे काढतं, म्हणजे ते क्षार घेऊन पाणी कुठंतरी बाहेर जायलाच हवं. एक थेंब वाया जात नव्हता, कारण आत आरओच नव्हतं. पाण्यातले एकूण क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला तर आत जाणारं ६४०, बाहेर येणारं ६३५. त्या मीटरचा उपयोग तेवढाच, मेम्ब्रेन काम करते का ते कळतं. दातांवर पट्टे पाडणारं, सांधे आखडवणारं फ्लोराइड पाण्यात किती हे तो सांगत नाही. ६४० मध्ये दोन-अडीचाचा फरक त्याला काय दिसणार?

खरी तपासणी त्यानंतर झाली, आणि मला शरम वाटली ती इथं. आमच्याच गावात पाच बायांना पाणी तपासायचं किट दिलेलं आहे, जलजीवनमधूनच. त्यातली एक आमच्या गल्लीतली. तिनं थेंब टाकले, रंग गुलाबी राहायला हवा होता तो पिवळसर पडला. म्हणाली, ‘दादा, मी तर दोन वर्षांपासून सांगून राहिली, कोण आयकते?’ जुन्या हातपंपावर ‘पिऊ नका’चा लाल रंग मारलेला आहे, आता पापुद्रे निघालेत. आमचं बोअर तिथून हाकेच्या अंतरावर. रोज त्याच्यासमोरून जातो.

नमुना जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत दिला. कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायचा, एवढं तिनं बजावलं. अहवालात फ्लोराइड २.४ मिलिग्रॅम प्रति लिटर आलं. भारतीय मानकात १ चालतं, दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. मशीनच्या पाण्यातही २.४. उकळून हे जात नाही, उलट पाणी आटलं की प्रमाण वाढतं. दिसत नाही, वास नाही, चव नाही. तांबडा साका बघून आम्ही घाबरलो आणि ज्याला घाबरायचं ते तीन महिने निळ्या दिव्याखालून प्यायलो.

पावती म्हणजे कच्ची चिठ्ठी निघाली, जीएसटी नंबर नाही, पत्ता अर्धा. फोन बंद. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार नोंदवली, पोलीस ठाण्यातही अर्ज दिला. ठाण्यात विचारलं, ओळखपत्रावरचं नाव वाचलं का? नव्हतं वाचलं. सर्वेक्षणवाला पैसे का मागतोय, हेही विचारलं नव्हतं.

सध्या पाटलांच्या जुन्या उघड्या विहिरीवरून दोन गुंड भरून पाणी आणतो. तिचं फ्लोराइड ०.८ आलं, क्लोरीन टाकून पितो.

परवा वहिनीच्या बहिणीचा फोन आला, वणी तालुक्यातून. ओट्यावर ग्लास मांडून झालेत, पाणी तांबडं झालंय, काय करू? म्हटलं, त्यांच्या ग्लासात मीठ टाक आणि मी येईस्तोवर पैसे देऊ नको. गाडी घेऊन पोचलो तर पोरं गेलेली. मीठ टाकायचा तिला धीर झाला नव्हता, दोन हजार मात्र दिले होते. तिनं पावती दाखवली. नाव वेगळं, शिक्का वेगळा. अक्षर तेच.