ॲपचं सबस्क्रिप्शन, कारवां की पेनड्राइव्ह?

बेळगाव जिल्ह्यात जांबोटीच्या पुढे राहणाऱ्या माझ्या मावसभावाचा गेल्या आठवड्यात फोन आला. "दादा, आण्णांसाठी गाण्याचं काय घेऊ सांग की. ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन, कारवां, का पेनड्राइव्ह?" कारवां म्हणजे जुनी गाणी आधीच भरलेली, रेडिओसारखी पेटी; आण्णा म्हणजे त्याचे वडील, वय 79. पहाटे पाचला अभंग, दुपारी नाट्यगीतं आणि दिवेलागणीला भीमसेनांची कन्नड दासवाणी, म्हणजे हरिदासांची भक्तिगीतं, असा त्यांचा दिनक्रम. फोनवर रेंज तुटत होती, सांगणं अर्धवट राहिलं. म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

ॲपची बाजू आधी. गाण्याची अर्धी ओळ आठवत असली तरी सापडतं, नव्या सिनेमाचं गाणं त्याच दिवशी येतं, आणि महिन्याचे शंभर-दोनशे रुपये म्हणजे खडेबाजारात दोघांचा नाश्ता. पैशाबद्दल माझं काही म्हणणं नाही. माझं दुखणं दुसरं आहे. आईसाठी मी एका ॲपवर तीन वर्षं गाणी जमवत होतो, 212 झाली होती. एका संध्याकाळी बघतो तर त्यातली 31 राखाडी. बोट ठेवलं की एकच ओळ यायची: हे गाणं तुमच्या प्रदेशात उपलब्ध नाही. आम्हा बेळगावकरांचा प्रदेश कुठला, महाराष्ट्र की कर्नाटक, यावर 1956 पासून भांडण आहे, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, आणि या ॲपनं एका ओळीत निकाल लावून टाकला! तेव्हा हसलो. पण वर्षाचे पैसे भरून जेमतेम चार महिने झाले होते. गाणी काढताना कळवलं नव्हतं, पैसे परत देण्याचा विषयच नव्हता. कस्टमर केअरला लिहिलं, तर गाणी कमी-जास्त होऊ शकतात असं अटींमध्ये लिहिलंय, हे उत्तर आलं. बघितलं, लिहिलेलं होतं खरं.

भावाला हे पटेना. "पैसे भरलेत नव्हं आपण? मग काढून कसं घेतात?" तर ते असं. गाणं ॲपच्या मालकीचं नसतं, रेकॉर्ड कंपनीच्या मालकीचं असतं. ॲपवाले ते मुदतीच्या करारानं आणतात, आणि करार नवा करताना पैशावर जमलं नाही की सगळा कॅटलॉग एका रात्रीत उतरतो. स्पॉटिफाय भारतात आलं फेब्रुवारी 2019 मध्ये; दोन महिन्यांत सारेगामाची गाणी तिथून गेली. सारेगामा म्हणजे आपली जुनी एचएमव्ही. सुधीर फडक्यांपासून लताबाईंपर्यंत, जुन्या मराठी गाण्यांचा मोठा खजिना तिच्याकडे. नवा करार व्हायला जून 2020 उजाडलं. मार्च 2023 मध्ये हीच गत झी म्युझिकच्या गाण्यांची झाली. 'सैराट'ची गाणी याच कंपनीची. तीही पुढे परत आली. पण परत आलेलं गाणं कधी कधी नव्या नोंदीनं येतं आणि आपल्या यादीतली जुनी ओळ राखाडीच राहते. ते पुन्हा शोधून भरायचं काम आपलं.

सिनेमाच्या गाण्यापुरतं हे एक वेळ चालतं. शास्त्रीय ऐकणाऱ्याचं तसं नाही. कुमार गंधर्व आपल्या सुळेभावीचे; त्यांचा एकच राग दोन मैफलींत ऐका, दोन वेगळी माणसं गातायत असं वाटेल. आण्णांना राग नको असतो, ती मैफल हवी असते, ज्यात तिसऱ्या मिनिटाला तबलजी हसल्याचा भास होतो. ती गेली आणि शोधात त्याच रागाची, त्याच गायकाची दुसरी ध्वनिफीत आली, तर ॲपच्या हिशेबी काहीच हरवलेलं नसतं. आण्णा मात्र दोन मिनिटांत "बंद कर ते" म्हणतात.

"मग डाउनलोड करून ठेवतो की!" नाही चालत. ते डाउनलोड ॲपच्या कुलपात असतं. सबस्क्रिप्शन संपलं की कुलूप बंद, करार तुटला की ते गाणं डाउनलोड केलेलं असूनही जातं. स्पॉटिफायला तर 30 दिवसांतून एकदा तरी फोन इंटरनेटला जोडावा लागतो. जांबोटीचा पाऊस ज्यानं बघितलाय त्याला लाईट आणि टॉवर एकदम जातात तेव्हा काय होतं हे सांगायला नको.

शिवाय ॲपच बंद पडतं त्याचं काय? गूगल प्ले म्युझिक 2020 मध्ये गेलं, रेसो जानेवारी 2024 मध्ये, एअरटेलचं विंक त्याच वर्षी. याच्या उलट गोष्ट बंगळूरची. फ्लिपकार्टनं 2012 मध्ये फ्लाइट नावाचं एमपी3 विकणारं दुकान काढलं आणि दीड वर्षाच्या आतच, जून 2013 मध्ये बंद केलं. दुकान गेलं, पण ज्यांनी तिथून गाणी विकत घेऊन उतरवून ठेवली त्यांची गाणी आजही वाजतात, कारण त्या फाइलींना कुलूप नव्हतं. माझा सगळा मुद्दा या दोन प्रकारच्या बंद दुकानांमधल्या फरकात आहे.

कारवां 2017 मध्ये आला. सारेगामाचीच 5000 गाणी पेटीतच भरलेली, इंटरनेट लागत नाही, मोठं गोल बटण फिरवायचं. आण्णांच्या थरथरत्या बोटांना फोनपेक्षा हे सोपं, आणि त्यातलं गाणं कुणी काढून नेऊ शकत नाही. पण गाणी सारेगामाकडची तेवढीच, दुसऱ्या कंपनीचं काही नाही. मराठी कारवां वेगळा मिळतो. पेटीबरोबर गाण्यांची छापील यादी असते, ती दुकानातच चाळून बघावी, आवडीचे अभंग आहेत का ते. कन्नडसाठी मागच्या यूएसबीत पेनड्राइव्ह लावायची सोय आहे. किती जीबीचा चालतो ते तिथेच लावून बघायचं, घरी येऊन नव्हे.

पेनड्राइव्हला कष्ट आहेत, ते कबूल. घरातल्या सीडी काढा, हल्लीच्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसतो म्हणून बाहेरचा जोडा, एकेक सीडी कॉम्प्युटरवर उतरवा, गाण्यांची नावं भरा. मला आईच्या 40 सीड्यांना तीन रविवार लागले. चांगल्या प्रतीच्या एमपी3ला, म्हणजे 320 केबीपीएस, मिनिटाला साधारण 2.4 एमबी लागतात. पाच मिनिटांचं गाणं 12 एमबी. म्हणजे 64 जीबीत पाच हजारांच्या आसपास गाणी, अख्खा कारवां खिशात. मोबाइलच्या दुकानात शंभर रुपयांत भरून देतात ते मात्र नको. ती चोरीची गाणी, आवाज पातळ, आणि नाव एका गायकाचं, गळा दुसऱ्याचा.

यूट्यूब फुकट आहे, पण अभंगाच्या मध्ये गुटख्यासारख्या कशाची जाहिरात लागली की आण्णा स्पीकरच उपटतील.

तेव्हा भावा, आण्णांसाठी मराठी कारवां घे आणि दासवाणी नि मैफली पेनड्राइव्हवर भरून दे. ॲप तुझ्यासाठी ठेव, गाडीत नवी गाणी ऐकायला, पण महिन्या-महिन्यानं पैसे भर, वर्षाचे एकदम नको. वर्षाला थोडे स्वस्त पडतात ते खरं, पण महिन्यानं भरलेस तर गाणी गेल्यावर तू सोडून तरी जाऊ शकतोस. आणि ॲपवर नवीन काही मनात भरलं, तर त्याची सीडी किंवा बिनकुलपाची फाइल विकत मिळते का बघून ठेव.

रविवारी टिळकवाडीला ये, आण्णांच्या सीड्या पिशवीत घालून आण. सीडी ड्राइव्ह माझ्याकडे आहे. येताना पेनड्राइव्ह दोन आण, एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे राहील.