ऑइल चेंबरचा नट काढून नळ बसवला: मोटरहोमवर वर्षभराच्या वापरानंतर

इंजिनाच्या बुडाला ऑइलचं चेंबर असतं; जुनं ऑइल सोडायचा त्याचा नट काढून तिथे कायमचा नळ बसवावा की नको, असं विचाराल तर बसवावा. पण आधी गाडीखाली वाकून तुमच्या चेंबरचा नट कुठल्या दिशेला तोंड करून आहे ते बघा, मगच पैसे टाका.

आमची गाडी म्हणजे बीएस४ (२०२० आधीच्या प्रदूषण निकषाची) टेम्पो ट्रॅव्हलर. आत दोन बेड, शेगडी, सिंक, पाण्याची टाकी, वर सोलर असा सगळा संसार. पाटी केए-२२ची, म्हणजे बेळगावची, त्यामुळे कागल ओलांडलं की टोलवरचा माणूस आधी हिंदीत सुरुवात करतो; तो विषय वेगळा. सांगायचं ते हे की अशी गाडी कारच्या लिफ्टवर चढत नाही. वजन जास्त, उंची जास्त, वर चढवली तर शेडच्या पत्र्याला सोलर टेकणार. ट्रकच्या गॅरेजात खड्डा असतो, तिथे काम होतं, पण गाळप हंगामात तिथे उसाच्या गाड्यांची रांग लागलेली असते आणि आपला नंबर येईपर्यंत दिवस मावळतो. म्हणून ऑइल बदली मी बेळगावजवळ उचगावला शेतातल्या शेडमध्ये स्वतःच करतो.

ज्यांनी हे काम पाठीवर झोपून केलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आमच्या गाडीला एका बाजूने सांडपाण्याची टाकी लटकलेली, दुसऱ्या बाजूने पायरी. मधल्या फटीतून हात लांबवून पाना लावायचा, नट सैल झाला की बोटांनी फिरवायचा, आणि शेवटच्या आट्याला तो सुटला की गरम ऑइल मनगटावरून सरळ कोपरापर्यंत. नट घमेल्यात पडलेला. मग काळ्या ऑइलात हात घालून तो शोधायचा, तांब्याचा वॉशर कुठे गेला ते बघायचं.

हा वैताग एकवेळ सोसला असता. नळाकडे वळलो ते आट्यांमुळे. मागे एका गॅरेजात कुणीतरी हवेच्या गनने नट आवळला होता. त्यानंतर दर वेळी तो सुटताना चर्रर करायचा आणि आट्यांत चकचकीत चुरा दिसायचा. चेंबरचे आटे एकदा गेले आणि तेच चेंबर ठेवायचं, तर पुढे दोन वाटा: मोठ्या मापाचे आटे पाडायचे नाहीतर आत स्प्रिंगचं इन्सर्ट बसवायचं. अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर असेल तर आणखी जपावं लागतं, कारण पोलादी नट मऊ धातूला पहिल्यांदा खातो. नळाचा खरा फायदा इथे आहे. एकदा बसवला की चेंबरच्या आट्यांना परत कुणी हात लावत नाही.

वस्तू अगदी साधी आहे. पितळी बॉल व्हॉल्व्ह, एका बाजूला आटे, दुसऱ्या बाजूला पाइप चढवायची नळी, आणि एक छोटा दांडा. दांडा स्प्रिंगविरुद्ध उचलायचा आणि पाव फेरा फिरवायचा, ऑइल सुरू. बंद केला की दांडा परत खाचेत बसतो, आपोआप फिरत नाही. मी घेतला तो जपानच्या फुमोटो कंपनीचा. जर्मन स्टालबसचा प्रकार वेगळा: त्यावर टोपी असते, टोपी काढून पाइपचं कनेक्टर फिरवून बसवलं की आतली झडप उघडते. तो खाली कमी लोंबतो, पण पाइप जपून ठेवावा लागतो. तो हरवला तर काम अडलं. बाजारात स्वस्त पितळी नळही मिळतात. एक हातात घेऊन पाहिला, दांड्याला खाचच नव्हती. तसला माल इंजिनाखाली नको.

माप ऑनलाइन यादीवरून घेऊ नका. एम १४, दीड पिच (१४ मिलिमीटर व्यास, आट्यांत दीड मिलिमीटर अंतर) हे माप खूप गाड्यांना असतं, म्हणून सगळ्यांना असतं असं नाही. जुन्या गाडीला कुणी मधेच मोठे आटे पाडलेले असू शकतात. मी बेळगावच्या उद्यमबागेत एका लेथवाल्याकडे गेलो होतो, फोनवर नटाचा फोटो घेऊन. चष्म्यावरून बघत ते म्हणाले, “सावकार, फोटोला गेज लागत नाही. नट काढून आणा की.” पुढच्या बदलीला नट काढून नेला. त्यांनी व्हर्नियरने व्यास घेतला, आट्याचं गेज लावलं, मिनिटाचं काम. पैसे घेतले नाहीत, चहा मात्र पाजावा लागला.

आता दिशेचं. आमच्या गाडीचा नट चेंबरच्या मागच्या अंगाला आहे, आडवा. म्हणजे पुढून दगड उडाला तर तो आधी चेंबरला लागणार, नळ आडोशाला राहतो. ज्यांचा नट चेंबरच्या बुडाला सरळ खाली तोंड करून आहे त्यांनी बसवू नये, हे माझं स्पष्ट मत. गोव्याला जाताना चोर्ला घाटाच्या वाटेवर कणकुंबीच्या अलीकडे पावसाळ्यानंतर रस्ता कसा असतो ते आपल्याला ठाऊक आहे. शिवाय गावागावांतले स्पीड ब्रेकर. आणि एक गोष्ट परदेशातल्या व्हिडिओत कुणी सांगणार नाही: चिकोडी, निपाणी, अथणीकडे हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांतून गळालेला ऊस रस्त्यावर पडलेला असतो. त्यावरून गेलं की कांडी उभी होऊन खाली घासत जाते. मी एकदा चिकोडीहून परतल्यावर खाली टॉर्च मारली तर पायरीच्या पट्टीत ऊस अडकलेला. नळाला काही नव्हतं, पण त्या दिवसापासून दांड्यावर एक केबल टाय मारून ठेवतो. बदलीच्या वेळी कापायचा, झालं की नवीन. रुपया-दोन रुपयांचं काम.

रोजच्या वापरात काय कळलं? नळाने ऑइल हळू उतरतं, कारण आतलं भोक नटाच्या भोकापेक्षा लहान. इंजिन चार-पाच मिनिटं चालवून ऑइल कोमट करायचं आणि वरचं भरायचं झाकण उघडून ठेवायचं, म्हणजे धार चांगली लागते. तरी वेळ लागतोच. मी नळ सोडून विहिरीवर जाऊन येतो. नळाच्या आट्यांचं टोक चेंबरच्या आत किंचित पुढे येतं, त्यामुळे तळाला थोडं ऑइल राहतं. भोक मागच्या अंगाला असल्याने पुढची चाकं फळ्यांवर चढवली की तेही बरंचसं येतं. पाइप मात्र नीट निवडा. पाण्याचा पारदर्शक पाइप गरम ऑइलने मऊ पडून नळीवरून निसटतो. डिझेललाइनचा रबरी पाइप घ्या, मोठ्या रिकाम्या कॅनच्या तोंडात सोडा. जमिनीवर थेंब पडत नाही.

एक फायदा मी धरलाच नव्हता. गेल्या दिवाळीत प्रवासात असताना बाहेर ऑइल बदलून घ्यावं लागलं, आणि तिथल्या पोराने सढळ हाताने ओतलं. डिपस्टिकवर, म्हणजे ऑइल मोजायच्या पट्टीवर, वरच्या खुणेच्या बोटभर वर. ऑइल इतकं झालं की क्रँक (पिस्टनांनी फिरणारा इंजिनाचा मुख्य शाफ्ट) त्यात आपटून फेस करतो, आणि फेसाळलेलं ऑइल बेअरिंगला नीट पोचत नाही. नट असता तर जास्तीचं काढणं म्हणजे निम्मं सांडणं. इथे पाइप लावला, दांडा उचलला, थोडं सोडलं, बंद. थांबून डिपस्टिक पाहिली, परत थोडं सोडलं.

नळाने काय होत नाही तेही सांगतो. ऑइल फिल्टर बदलायचं काम तसंच राहतं, आणि निम्मी घाण तर फिल्टर काढतानाच होते. तिथे फिल्टरखाली प्लास्टिकची पिशवी धरणं हाच उपाय. तुमच्या जुन्या नटाला धातूचा चुरा धरणारा लोहचुंबक असेल तर नळ बसवल्यावर तो फायदाही जातो.

मोटरहोमची दुसरी अडचण म्हणजे गाडी उभी राहते. पावसाळ्यात आम्ही फारसे निघत नाही. किलोमीटर होत नाहीत म्हणून ऑइल तसंच ठेवणारे बरेच आहेत, पण जळक्या ऑइलातलं आम्ल आणि ओल चार महिने बेअरिंगवर बसून राहते. म्हणून आता बदली मृगाच्या आधी, गाडी लावण्यापूर्वी. काम सोपं झाल्यामुळे टाळाटाळ होत नाही, हे खरं. ऑइल मी १५डब्ल्यू-४०, सीआय-४ प्लस दर्जाचं वापरतो, मॅन्युअलमध्ये तेच आहे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस६ गाडीला डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असेल तर कमी राखेचं ऑइल लागतं, माझं बघून घेऊ नका. आणि नवीन ऑइल दोन दिवसांत काळं झालं म्हणून घाबरू नका. डिझेल इंजिनात काजळीमुळे ते होतंच.

निघालेलं ऑइल मागायला माणसं येतात. सेंट्रिंगवाल्याला प्लेटांना फासायला हवं असतं, सुताराला चौकटीला वाळवी लागू नये म्हणून. आमच्या काकांना कुंपणाच्या खांबांना पाहिजे होतं, आणि ते खांब विहिरीच्या काठाला. नाही म्हटलं, ते थोडे रागावले. २०१६च्या नियमांप्रमाणे वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. मी कॅन घट्ट बंद करून ओळखीच्या गॅरेजच्या बॅरलमध्ये रिकामा करतो, तिथून ते ऑइल शुद्ध करणाऱ्यांकडे जातं.

गळतीबद्दल विचारणाऱ्यांसाठी: आजवर थेंब नाही. दर लांबच्या फेरीनंतर कोरड्या बोटाने नळाच्या बुडाशी चाचपतो. धूळ कोरडी लागली तर ठीक, चिकट लागली तर वॉशर बघायचा. जुना नट फेकू नका. तो, नवा तांब्याचा वॉशर आणि चेंबर भरेल इतकं ऑइल हे गाडीच्या टूलबॉक्समध्ये कायम असतं. कुठे घाटात नळ मोडलाच, तर इंजिन लगेच बंद करून, नट लावून आणि ऑइल खुणेपर्यंत भरून निदान जवळच्या गावापर्यंत जाता येईल.