"इंडियाची डिग्री इथं धरत नाहीत" असं कुणी म्हणालं की तिथनं उठा

परवा आमच्या मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका ताईंनी विचारलं, कम्युनिटी कॉलेजला ॲडमिशन घेतीये, फॅफ्सा (म्हणजे कॉलेजच्या खर्चाला सरकारी मदत मागायचा फॉर्म) भरून देणारं कुणी माहितीये का, आणि पाच मिनिटांत तीन जणांनी एकच नंबर टाकला. तो नंबर बघून माझ्या पोटात गोळाच आला. त्या ताईंना लगेच फोन केला, पण म्हणलं आता सगळं लिहूनच टाकावं, लाज गेली चुलीत.

मी मूळची सांगलीची. बी.कॉम आणि एम.कॉम, शिवाजी विद्यापीठ. हे मुद्दाम आधीच सांगतीये कारण सगळं रामायण त्या एम.कॉमवरच घडलंय. वन्संनी आमचं ग्रीन कार्डचं पिटिशन टाकलं होतं, भावंडांच्या कोट्यातलं, त्यामुळं पंधराच्या वर वर्षं वाट बघून २०२१ च्या शेवटी आम्ही कॅलिफोर्नियात आलो. नवरा वेअरहाउसला, मी एका ग्रोसरीत काउंटरवर, दोन पोरं. काउंटरवर उभं राहून राहून टाचा गेल्या तेव्हा ठरवलं की इथलं अकाउंटिंगचं काहीतरी करायचं, म्हणजे निदान बसून काम मिळेल.

आता तो नंबरवाला माणूस. नाव घेत नाही, आपण दादा म्हणू, कारण आम्ही सगळे त्याला दादाच म्हणायचो. आमचा टॅक्स दोन वर्षं त्यानंच भरला होता आणि नीट भरला होता, पोरांचं क्रेडिट वगैरे सगळं बरोबर. गणपतीत आरतीला पुढं, कुणाला एअरपोर्टला सोडायचं असलं की हजर. म्हणजे कुणी अनोळखी माणसानं फोन करून फसवलं असतं तर मी एवढी कोलमडले नसते. आमचे सोशल सिक्युरिटी नंबर त्याच्याकडं आधीपासूनच होते हो, मी नव्यानं काय देणार!

जुलै २०२४ मध्ये त्याला विचारलं. म्हणाला, वहिनी, यावर्षीच्या फॉर्मचा पार बोजवारा उडालाय, स्वतः भराल तर अडकाल. आणि यात खोटं काही नव्हतं बघा. २०२४-२५ चा फॅफ्सा नवीन केला होता, दरवर्षी १ ऑक्टोबरला निघतो तो त्या खेपेला २०२३ च्या डिसेंबरच्या अगदी शेवटी निघाला आणि त्यात ढीगभर चुका होत्या, बातम्यांत रोज तेच. त्याची पद्धतच ही होती, बातमी खरी सांगायची आणि तिच्या पोटात आपलं घालायचं. फी २५० डॉलर आधी आणि "जे येईल त्याचे पंधरा टक्के". मी म्हणलं बरं.

फॅफ्साच्या एफमधला पहिलाच शब्द फ्री आहे हे मला नंतर कळलं. स्टुडंटएड डॉट गव्ह वर जाऊन आपलं आपण भरायचा, एक पैसा लागत नाही, आणि अडलं तर कॉलेजचं फायनान्शियल एड ऑफिस शेजारी बसवून फुकट भरून देतं. कुणाकडून पैसे देऊन भरून घेणं बेकायदा नाहीये, पण त्या साइटवरचं अकाउंट म्हणजे तुमची सही असते. ते दुसऱ्याला देणं म्हणजे कोऱ्या चेकवर सही करून देणं. मी तर दिलंसुद्धा नाही, मी काढलंच नाही. दादानं माझ्या नावाचा एक नवा जीमेल काढला, त्यावरनं अकाउंट काढलं, कोड यायला फोन नंबर स्वतःचा टाकला. कॉलेजच्या ॲप्लिकेशनलाही तोच ईमेल. मला म्हणाला तुम्हाला दुकानात फोन बघता येत नाही, कोड दहा मिनिटांत जातो, माझ्याकडंच असू दे. मला वाटलं किती करतो बिचारा.

मग तो प्रश्न आला. मला आठवतंय कारण मी त्याच्या शेजारीच बसले होते, टेबलावर त्याच्या बायकोनं दिलेला चहा, आणि लॅपटॉप तिरका माझ्याकडं. स्क्रीनवर विचारलं होतं की शाळेचं वर्ष सुरू होताना तुमच्याकडं पहिली बॅचलर डिग्री असेल का. मी म्हणलं आहे की, एम.कॉम आहे. तर तो हसला आणि म्हणाला, "इंडियाची डिग्री इथं धरत नाहीत ओ वहिनी," आणि नो वर टिचकी मारली. मला एवढंच वाटलं की चला, इथंपण आपली डिग्री कचऱ्यात. नोकरीच्या ठिकाणी तेच ऐकत होते ना तीन वर्षं, मग पटायला कितीसा वेळ लागतो.

तर नीट वाचा. पेल ग्रँट, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांना कॉलेजसाठी केंद्र सरकार देतं ती मदत, पहिली बॅचलर डिग्री व्हायच्या आधीच मिळते. आणि परदेशातली डिग्रीसुद्धा धरतात. नोकरीला धरोत न धरोत, पेलला धरतात. तीन वर्षांची बी.कॉम, बी.ए. असेल तर काही वेळा कागदपत्रं दाखवून ती इथल्या बॅचलरच्या बरोबरीची नाही असं सिद्ध करता येतं, पण ते ठरवणार कॉलेजचं एड ऑफिस, तुम्ही नाही, दादा नाही आणि ग्रुपवरचे हुशार लोक तर नाहीच नाही. फॉर्मवर जे खरं ते लिहायचं आणि मग ऑफिसला विचारायचं. एच-४ (एच-१बी वाल्यांच्या घरच्यांचा व्हिसा) किंवा एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असाल तर फेडरल एड, म्हणजे केंद्र सरकारची मदत, मिळतच नाही, सिटिझनशिप, ग्रीन कार्ड किंवा तसा दर्जा लागतो, हेही सांगून ठेवते, कारण दादा एच-४ वाल्यांनाही "बघू, करू काहीतरी" म्हणायचा.

आमचं उत्पन्न कमी, घरात चार माणसं, त्यामुळं पूर्ण पेल मंजूर झालं, वर्षाचे ७,३९५ डॉलर, दोन सेमिस्टरला निम्मं निम्मं. शिवाय १२ युनिटची फी माफ. ती दादानं "मी माफ करून घेतली" म्हणून ऐकवली आणि मी वन्संना कौतुकानं सांगितली. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात फी ४६ डॉलर युनिट आहे, म्हणजे ५५२ डॉलर सेमिस्टरची, आणि कमी उत्पन्नवाल्या इथल्या रहिवाशांना ती कॉलेज प्रॉमिस ग्रँटमध्ये माफ होते. तिला आधीची डिग्री आड येत नाही. म्हणजे मला जे हक्काचं होतं ते खरं लिहूनही मिळणारच होतं!! त्याचंही श्रेय त्यानं खाल्लं.

फी माफ असल्यामुळं पेलचे सगळे ३,६९७ डॉलर सप्टेंबरमध्ये माझ्या खात्यात आले. त्यातले पंधरा टक्के, ५५५, दादाला झेल केले (बँकेच्या ॲपवरनं पाठवले). उरलेल्यातनं पुस्तकं, एक जुना लॅपटॉप, आणि खरं सांगते, दोन महिन्यांचं थकलेलं भाडं. कॉलेज मात्र आवडलं हं. पहिल्या टेस्टला ९४ पडले, प्रोफेसरनं विचारलं आधी कुठं शिकलीस, तर मी गडबडून काहीच नाही म्हणलं. कारण दादानं बजावलं होतं, मार्कशीट कुणाला दाखवू नका. डिग्री धरतच नाहीत तर मार्कशीट लपवायची कशाला, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला पाहिजे होता.

जानेवारी २०२५ मध्ये दुसरा हप्ता यायचा होता तो आलाच नाही. दादा म्हणाला वॉशिंग्टननं सगळे फेडरल पैसे गोठवलेत. आणि परत बातमी खरी! २७ जानेवारीला तसा मेमो निघालाच होता. फक्त त्यात पेल नव्हतं, एज्युकेशन डिपार्टमेंटनं लगेच सांगितलं होतं आणि दोन दिवसांत तो मेमोही मागं घेतला. मी एवढं कुठं वाचतीये, रात्री दहाला दुकान बंद करून. मार्चमध्ये डिपार्टमेंटची जवळजवळ निम्मी माणसं काढली तेव्हा म्हणाला बघा, आता कोण तुमची फाइल बघणार. मी गप्प.

फुटलं ते माझ्याच हातानं. कॉलेजच्या काउन्सेलर बाईंशी बोलताना पहिल्यांदाच तोंडातनं एम.कॉम निघालं, तर त्या म्हणाल्या अगं मग डिग्रीचं इव्हॅल्युएशन करून घे, म्हणजे ती इथल्या कशाच्या बरोबरीची ते तपासून घे, काही विषय परत करावे लागणार नाहीत. मी खुशीत पैसे भरून करून घेतलं. रिपोर्ट आला, कॉलेजात गेला, बॅचलरच्या बरोबरीचं आहेच असं स्वच्छ लिहिलेलं. दहा दिवसांत कॉलेजच्या पोर्टलवर लाल होल्ड (माझं खातं अडवलंय अशी खूण) आणि एड ऑफिसचं बोलावणं.

एड ऑफिसच्या काउंटरवरच्या बाई आधी फारच कोरड्या होत्या. नंतर कळलं का ते, इथल्या कॉलेजांत घोस्ट स्टुडंटचा सुळसुळाट आहे, म्हणजे चोरलेल्या नाहीतर बनावट नावांनी ऑनलाइन क्लासला ॲडमिशन घेतात, एडचे पैसे उचलतात आणि गायब, त्यांना मी त्यातलीच वाटले. ओळखपत्र बघितलं, माझ्याकडं बघितलं. मी प्लास्टिकच्या फोल्डरमधनं मार्कशीट काढून ठेवल्या, जुन्या, घड्या पडलेल्या, एकीवर आईच्या हातची हळदसुद्धा होती. मग त्यांनी स्क्रीन माझ्याकडं वळवला. म्हणाल्या, हा तुमचा ईमेल का? नाही. हे फोन नंबरचे शेवटचे आकडे? नाही, पण ओळखीचे. स्प्रिंगचे, म्हणजे दुसऱ्या सेमिस्टरचे, पैसे फेब्रुवारीत गेलेत, हे बँक खातं तुमचं का? खातं जानेवारीत बदललं होतं. बदलल्याचा मेल त्या जीमेलवर गेला होता. मी तिथंच खुर्चीत बसले, त्या बाईंनी पाण्याची बाटली आणून दिली.

मी एम.कॉम, त्यामुळं हिशोब बसमध्येच केला. दादाचे २५० आणि ५५५ वजा करून माझ्या हातात राहिले २,८९२ डॉलर. माझ्या नावावर परतफेड ७,३९५. फॉर्मवर चुकीचं लिहिलं गेलं म्हणजे ते जास्तीचं दिलेलं पेल, आणि ते विद्यार्थ्यानंच परत करायचं, कारण सही त्याची. दादाची कुठंच सही नाही, कुठंच नाव नाही. त्या फॉर्मवर असंही लिहिलेलं असतं की जाणूनबुजून खोटं लिहिलं तर २०,००० डॉलरपर्यंत दंड, तुरुंग किंवा दोन्ही. ते वाचून मला आठवडाभर झोप नव्हती, ग्रीन कार्ड जाईल, पोरांचं काय होईल, काय काय डोक्यात. नवऱ्याला चार दिवस सांगितलंच नाही.

दादाला फोन केला तर आधी म्हणाला कॉलेजची चूक आहे. मग म्हणाला सही तुमची आहे वहिनी, तुम्हीच अडकाल, विचार करून बोला. आवाज तोच, आरतीवाला. मग नंबर ब्लॉक.

पुढं जे केलं ते थोडक्यात सांगते, कुणाला लागलं तर. एड ऑफिसला सगळं लेखी दिलं, झेलच्या पावत्या आणि व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडून (चॅट डिलीट करू नका, मी रागात करणार होते). फेडरल स्टुडंट एडला १-८००-४३३-३२४३ वर फोन करून अकाउंट परत माझ्या ईमेल आणि नंबरवर घेतलं, दोन दुपारी होल्डवर गेल्या त्यात. एज्युकेशन डिपार्टमेंटच्या इन्स्पेक्टर जनरलच्या हॉटलाइनला तक्रार, एफटीसीला (ग्राहकांची फसवणूक बघणारं सरकारी खातं) तक्रार, आणि पोलीस रिपोर्ट, कारण स्प्रिंगचे पैसे माझ्या खात्यात आलेच नाहीत हे दाखवायला कॉलेजला तो लागतो. इक्विफॅक्स, एक्स्पेरियन, ट्रान्सयुनियन या तिन्ही क्रेडिट कंपन्यांकडं नवऱ्याचं आणि माझं क्रेडिट फ्रीज, म्हणजे आमच्या नावावर दुसऱ्या कुणी कर्ज काढू नये, ते २०१८ पासून फुकट आहे. टॅक्ससाठी आयआरएसकडनं (टॅक्स खात्याकडनं) ओळखीचा पिन घेतला, नाहीतर पुढच्या वर्षी आमचा रिटर्न तोच भरायचा! झेलचे पैसे मात्र गेले ते गेले. बँक म्हणाली तुम्ही स्वतः पाठवलेत.

फी माफी अजून चालू आहे, तेवढं एक बरं. कॉलेजनं पुस्तकांचं व्हाउचर दिलं, त्यांच्या स्वतःच्या स्कॉलरशिपा आहेत त्याला अर्ज केलाय, आणि डिग्री असली तरी फेडरल लोन आणि वर्क-स्टडीला (शिकता शिकता करायचं काम) विचार होतो हे त्याच बाईंनी सांगितलं. लोन मी घेतलं नाही, आता कर्ज म्हणलं की अंगावर काटा येतो. नवीन फॅफ्सा त्यांच्याच ऑफिसात बसून भरला, पाऊण तास लागला. त्या प्रश्नावर यस दाबलं.

काही जण म्हणतील नाव टाका. पोलिसांनी टाकू नका म्हणलंय, आणि आमच्यासारखी अजून दोन घरं निघालीत, त्यातलं एक बोलायला तयार नाही कारण सासऱ्यांचे त्याच्याशी संबंध आहेत. मला राग येत नाही त्यांचा. मी पण एप्रिलमध्ये गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला गेले नव्हते, तोंड दाखवायला नको म्हणून, आणि तो मात्र गेला होता, पहिल्या रांगेत फोटो आहे.

स्प्रिंगच्या ३,६९८ चं प्रकरण अजून चालू आहे. फॉलच्या, म्हणजे पहिल्या सेमिस्टरच्या, ३,६९७ चे कॉलेजनं महिना १५० प्रमाणे २५ हप्ते बांधून दिलेत, परवा सहावा गेला. होल्ड निघालाय, पुढच्या सेमिस्टरला कॉस्ट अकाउंटिंग घेतीये.