सिव्हिलचं डीईआयसी की घराजवळचं थेरपी सेंटर?

दीड वर्षाचं मूल चालत नाही, दोन वर्षांचं दोन शब्द जोडत नाही, हाक मारली तरी वळून बघत नाही. घरात 'त्याचा बापही उशिराच बोलला' हे चालूच असतं. ते ऐकत बसू नका, मुलाला दाखवा. प्रश्न एवढाच की दाखवायचं कुठे?

जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी, म्हणजे वाढीत मागे पडणाऱ्या मुलांना लवकर तपासून थेरपी देणारं केंद्र, हा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा भाग. २०१३ साली पालघरमधून सुरू झालेला हाच कार्यक्रम. अंगणवाडीत वर्षातून दोनदा तपासणीला येणारं पथकही त्याचंच. इथे पैसे लागत नाहीत. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, स्पीच थेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक एकाच ठिकाणी असावेत अशी रचना आहे. बोलत नसलेल्या मुलाचे कान आधी तपासायला हवेत. ऐकू येतं का हे न बघता स्पीच थेरपी सुरू केली तर पैसेही जातात आणि महिनेही. अडचण पुढे येते. कुठे पद रिकामं, कुठे पुढची तारीख लांबची, आणि तालुक्याहून येणाऱ्याचा अर्ध्या तासाच्या थेरपीसाठी अख्खा रोज बुडतो.

खाजगीत वेळ ठरलेली आणि बहुधा थेरपिस्टही तोच. पण पैसे दर सेशनला, आणि दर्जाचं म्हणाल तर बोर्ड कुणीही लावतं. स्पीच थेरपिस्ट आणि विशेष शिक्षकाकडे भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आहे का, हे विचाराच. राग आला तर येऊ द्या. आईला आत बसू देतात का, हेही बघा. चांगली थेरपिस्ट साबणाचे फुगे एकदा फुंकून थांबते, मुलाने बघावं, हात पुढे करावा, काहीतरी आवाज काढावा म्हणून. मग नळी आईच्या हातात देते. आठवड्यातल्या दोन सेशनपेक्षा घरी रोज होणारं हे जास्त उपयोगी.

मुंबईकरांना वांद्र्याच्या अली यावर जंग या वाचा-श्रवण दिव्यांगांसाठीच्या राष्ट्रीय संस्थेतलं, शून्य ते सहा वर्षांच्या मुलांसाठीचं असंच केंद्रही आहे, २०२१ पासून.

माझं मत: निदान आणि कानाची तपासणी डीईआयसीत, नियमित थेरपी जिथे खंड न पडता जाता येईल तिथे. तान्ह्याची मानच धरत नसेल किंवा अंग कडक वाटत असेल, तर मात्र तारखेची वाट न बघता लगेच बालरोगतज्ज्ञ गाठा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी किंवा बौद्धिक अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळालं तर एक लाखापर्यंतच्या 'निरामय' आरोग्य विम्याचा अर्जही भरून टाका.